जवारी चाचांची, लायसन्स कंपनीचं

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं तेव्हा माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर मुबारकबाद फिरत होती. मीही स्टेटस ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळे विसरले. मला मात्र विसरणं जड गेलं, कारण तिथल्या एका कारागिराचं देणं माझ्याकडे बाकी आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत तानपुरा वाजवणाऱ्या अ‍ॅपवर काम करत होतो. गायकाने पट्टी निवडायची, फोन चार तारा छेडत राहतो. आवाज अस्सल हवा म्हणून मिरजेहून वाद्य मागवलं, आणि ते लावायला एक वयस्कर कारागीर आले. घोडी कानशीने जराशी घासायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, ऐकायचं, पुन्हा घासायचं. अख्खी दुपार चाचा जवारी लावत होते. किती घासायचं हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही, ते त्यांच्या कानात आहे. मग आम्ही एकेक तार रेकॉर्ड केली. चाचांना प्रवासखर्च आणि एका दिवसाची मजुरी मिळाली. निघताना ते म्हणाले, "बेटा, हे फोनमध्येच वाजायला लागलं तर तानपुरा कोण घेणार?" मी म्हणालो, "चाचा, खऱ्याची सर येते का?" आणि हसलो. उत्तर नव्हतं, म्हणून हसलो.

आता कायदा बघा. त्या ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट निर्मात्याचा, म्हणजे कंपनीचा. मुदत ६० वर्षं. मी लिहिलेला कोड आपल्या कॉपीराइट कायद्यात चक्क 'साहित्यकृती' आहे (ज्यांनी माझा कोड वाचलाय त्यांनी हसू नये), आणि नोकरीत लिहिला म्हणून तोही कंपनीचा. यासाठी कुणाला कुठे अर्ज करावा लागला नाही, कॉपीराइट आपोआप मिळतो. चाचांच्या जवारीला काय? काहीच नाही. पेटंट मागायला गेलात तर १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(पी) आडवं येतं: पारंपरिक ज्ञान म्हणजे शोध नव्हे.

या कलमाला मी शिव्या घालणार नाही. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, सीएसआयआरने लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. सगळ्यांचं ज्ञान एकाच्या खिशात जाऊ नये, हे रास्तच. पण चोरी अडवणं वेगळं आणि मेहनतीचं मोल देणं वेगळं. आपला कायदा पहिल्यावरच थांबतो.

राहिलं जीआय. १९९९ चा हा कायदा राखतो ते नाव. दुसरीकडे बनवलेली सतार मिरजेची म्हणून खपवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद होऊ शकते. आवाज, हातोटी, कान मात्र मोकळे. आणि ते नावही गावातल्या प्रत्येकाचं होत नाही. मानांकन संस्थेच्या नावावर असतं, नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद झालेल्यालाच. तीन पिढ्या भोपळे कोरणाऱ्याची नोंद नसेल, तर आपल्या स्टेटसचा त्याला उपयोग शून्य.

कोल्हापुरीचं काय झालं आठवा. जीआय २०१९ चं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशीच चप्पल रॅम्पवर आणली. ओरड झाल्यावर प्रेरणा कुठली ते कबूल केलं. वकील मुंबई उच्च न्यायालयात गेले, जुलैमध्ये याचिका फेटाळली गेली: हक्क नोंदणीकृत मालकांचा, त्यांनी यावं. मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकाची महामंडळं. चप्पल शिवणारा या सगळ्यात कुठे होता?

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, इल्म विकायचा नसतो, वाटायचा असतो. छान. मग वाटप एकाच दिशेने का? हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत सतार घडवायला घेतली. तो इल्म आज कंपनीच्या सर्व्हरवर पोचलाय, उलट दिशेने काही गेलेलं नाही. आणि हे सांगणारा दोस्त स्वतःच्या स्टार्टअपच्या लोगोचा ट्रेडमार्क घेऊन बसलाय.

गीतकार-संगीतकारांचंही असंच होतं. निर्माते एकरकमी सगळं लिहून घेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीचा असा हक्क दिला, जो सहज लिहून घेता येत नाही. वाद्याचा आवाज विकणाऱ्याने वाद्यकाराचं नाव द्यावं आणि वाटा द्यावा, असं कलम मागायला आपल्याला कुणी अडवलंय? आणि ते येईपर्यंत एका पानाचा करार करायला कुठला कायदा लागतो? त्या दुपारी तो मी टाइप करू शकलो असतो. सुचलंच नाही.

अधिकृत वापरकर्त्याच्या अर्जाची फी २०२० पासून १० रुपये आहे. रजिस्ट्री चेन्नईत, भाषा सरकारी. मिरज-सांगलीत आपल्यातली बी.ई. झालेली पोरं काही कमी नाहीत. चाचांच्या मुलाबरोबर बसून मी या महिन्यात त्यांचा अर्ज भरतोय. अ‍ॅपच्या 'आमच्याविषयी' पानावर चाचांचं नाव घाला म्हणून जुन्या कंपनीला दोन मेल केले. अजून उत्तर नाही.