आमचं अंगकोर नको, आपलं कंधार बघा

गेल्या हिवाळ्यात एक मित्र कंबोडियाला जाऊन आला. लातूरच्या गांधी चौकात चहा पिता पिता त्यानं मोबाईलवर दोनेकशे फोटो दाखवले. अंगकोर वाटचे पाच कळस, सूर्योदय, पाण्यातलं प्रतिबिंब. शेवटी म्हणाला, "आपल्याकडं असं काहीच नाही राव." मी विचारलं, "कंधारला गेलास का कधी?" तर म्हणे, "बसमधून दिसलंय."

माझं भांडण त्याच्या सहलीशी नाही. अंगकोर जरूर बघावं. भांडण आहे ते 'आपल्याकडं काहीच नाही' याच्याशी, आणि त्याच्या जुळ्या भावाशी: 'आपल्याकडं सगळंच होतं.' दोन्ही वाक्यं न बघताच बोलता येतात.

दुसरं वाक्य लातुरात जास्त चालतं. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, म्हणून लातूर त्यांची राजधानी, असं आपण भाषणात ठोकून देतो. ते बिरुद खरं आहे. पण त्याचा अर्थ घराण्याचं मूळ गाव लट्टलूर, एवढाच. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. बिरुदानं छाती फुगते, पण त्यामुळं एकही दगड जागेवर राहत नाही.

आता तारखा शेजारी ठेवा. तिसऱ्या गोविंदाची कारकीर्द 793 ते 814. त्याच काळात, 802 साली, दुसऱ्या जयवर्म्यानं ख्मेर सार्वभौमत्वाची घोषणा केली. पुढं इंद्रवर्मा 877 साली गादीवर आला. आजपासून पाच दिवसांत खोदकाम सुरू करीन, असा त्याचा संकल्प शिलालेखात आहे. खोदायचं काय होतं? तलाव. 'इंद्रतटाक', लांबी जवळपास पावणेचार किलोमीटर. मंदिरं आणि तलाव ही त्या राजांची जोडीची कामं होती. अंगकोर वाट आलं बाराव्या शतकात, दुसऱ्या सूर्यवर्म्याच्या काळात. फोटोत कळस दिसतात, पण ते शहर उभं होतं तलाव, कालवे आणि बांधांवर. चौदाव्या-पंधराव्या शतकात दीर्घ दुष्काळ आणि मधूनच अतिवृष्टी आली, तेव्हा ही पाण्याची व्यवस्था मोडली. शहर ओस पडण्याच्या कारणांत अभ्यासक हेही एक मोठं कारण धरतात.

आणि आपल्याकडं? कंधारला राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे दहाव्या शतकातला शिलालेख सापडला. त्यात तलावाचं नाव आहे जगत्तुंगसमुद्र. जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचं बिरुद. तो तलाव आजही आहे. जवळच खंदकानं वेढलेला भुईकोट किल्ला आहे. गावात महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे अवशेष सापडलेत. राजाचं वैभव आणि गावाचं पाणी तिथंही एकत्रच नांदत होतं.

आपण मात्र डोक्यात वाटणी करून टाकली. किल्ला म्हणजे इतिहास, तलाव म्हणजे पाणीपुरवठा. किल्ल्यासाठी रोषणाई आणि सेल्फी पॉइंट मागायचा, तलावाची आठवण मात्र टंचाई आली की. लातूरकरांनी तरी ही चूक करू नये. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवशी 'पुरवराधीश्वर' शब्द कुणाच्या घागरीत उतरला नाही.

कुणी म्हणेल, कंबोडियाला जगानं पैसा दिला. दिलाच. पण 1992 साली अंगकोर जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हा तो देश यादवी युद्धातून नुकता बाहेर पडत होता, जमिनीत सुरुंग होते. आणि त्याआधीच, 1986 ते 1993, अंगकोर वाटच्या डागडुजीला गेलं होतं कोण? आपलंच भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. म्हणजे कौशल्य नाही, ही सबब चालणार नाही.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: कंधारचा किल्ला आज दिसतो तो बराचसा बहमनी आणि नंतरच्या सत्तांचा, मग 'आपला' कसा? अंगकोर वाट विष्णूसाठी बांधलं, पुढं ते बौद्धांचं झालं, आज तिथं भिक्खू प्रार्थना करतात. ख्मेर माणसानं म्हणून ते नाकारलं नाही, उलट राष्ट्रध्वजावर चढवलं. कंधारच्या तटावर फारसी लेख असेल तर तोही कंधारचाच. निवडून आठवायचं ठरवलं, तर निम्मा किल्ला आपण स्वतःच पाडला असं होईल.

म्हणून 'मराठवाड्याचं अंगकोर' असली पाटी नको. उसन्या नावानं गावाला मोठेपण येत नाही. पाटी हवी ती तलावाच्या काठावर: शिलालेख काय सांगतो, ते शाळकरी पोराला कळेल अशा मराठीत. आणि किल्ल्याचा आराखडा होईल तेव्हा तलावाचा गाळ, पाणी येण्याच्या वाटा आणि बांध यांचा हिशेब त्याच कागदावर हवा.

मित्राला म्हटलं, येत्या रविवारी अहमदपूरमार्गे निघू. आधी तलावावर थांबू, किल्ला नंतर. तो म्हणाला, "फोटो बरे येतील का?" येतील. पण पाणी किती आहे, तेही बघून ये.