कोयत्याचा वकील कोण?

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्या आणि तांडे ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो मुकादमाच्या उचलीला बांधला जातो आणि माणसांनी भरलेले ट्रक पश्चिम महाराष्ट्राची, कर्नाटकाची वाट धरतात. डिसेंबरात नागपुरास विधिमंडळाचे अधिवेशन भरते, तेव्हा ही माणसे उसाच्या फडात असतात. राज्याचे धोरण ठरते त्या वेळी ज्यांना तेथे जाताच येत नाही, त्यांची बाजू कोणी मांडावी, हा आमचा प्रश्न आहे.

दुसऱ्या पक्षाला ही अडचण नाही. खासगी साखर कारखानदारांची ‘इस्मा’ ही संघटना १९३२ पासून दिल्लीत आपले म्हणणे मांडीत आली आहे. सहकारी कारखान्यांचा राज्य साखर संघ मुंबईत आहे. शिवाय ‘सार्वजनिक धोरण सल्लागार’ असे भारदस्त नाव धारण करणाऱ्या कंपन्या आज कोणत्याही धनिक उद्योगाच्या दिमतीला हजर असतात. कोणती फाईल कोणत्या टेबलावर अडली आहे हे त्या जाणतात, मसुद्यातील एका शब्दाने अशिलाचे काय बिघडेल ते हेरतात, आकडेवारीची टिपणे पुरवितात, भेटी घडवितात आणि अनुकूल लोकमतही तयार करतात.

या सामर्थ्याचे फळ पाहा. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. उद्योगाने हाकाटी केली आणि १५ डिसेंबरला, म्हणजे अवघ्या आठ दिवसांत, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत ती मनाई सैल झाली. ते चुकले असे आम्ही म्हणत नाही. आकस्मिक बंदीचा फटका ऊस उत्पादकालाही बसला असता. परंतु त्याच वर्षी गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला, आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा निर्णय लवादाने दिला तो जानेवारी २०२४ मध्ये. तोवर कोयता जुन्याच दराच्या हिशेबावर चालत होता.

कोणी म्हणेल, कामगारांनाही संघटना आहेत, नेते आहेत. आहेत, त्यांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. पण ऊसतोड कामगारांचे नेते म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या गोपीनाथ मुंडे यांनीच परळीचा वैद्यनाथ साखर कारखानाही उभारला. यात त्यांच्या हेतूवर आम्ही शंका घेत नाही. मात्र दोन्ही पक्षांचे वकीलपत्र एकाच खांद्याला पेलत नाही, एवढे व्यवहारज्ञान सर्वांनाच आहे.

रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही, असे आपण म्हणतो. पण ज्यांचे रडणे मंत्रालयापर्यंत पोहोचतच नाही, त्यांचे काय होते? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे बीडचे आकडे आले : पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. ही संख्या एका रात्रीत झालेली नाही. वर्षानुवर्षे ती वाढत असताना तिच्यासाठी एकही टिपण कोणत्याही टेबलावर वेळेत का पोहोचले नाही?

शासनाकडे जाऊन आपले गाऱ्हाणे मांडणे हा नागरिकाचा हक्कच आहे. आमचा आक्षेप आहे तो पडद्याआड, पैसे घेऊन केलेल्या रदबदलीला. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने अशा मध्यस्थांस आपले नाव, आपला अशील आणि खर्च जाहीर करावा लागतो. वॉलमार्टने भारतातील प्रवेशासाठी तेथे केलेल्या प्रयत्नांचा गवगवा २०१२ साली झाला, तो त्या नोंदींमुळेच. आपल्याकडे २०१३ साली लोकसभेत याविषयीचे खासगी विधेयक आले. ते संमत झाले नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोनच. मंत्री, सचिव आणि जिल्हा परिषदेचे पदाधिकारी यांना कोण, कोणाच्या वतीने भेटले याची नोंदवही जनतेसाठी खुली असावी. आणि तोडणीच्या दराची, आरोग्याची, मुलांच्या शाळेची जाहीर सुनावणी दसऱ्यापूर्वी, ट्रक निघण्याआधी, त्यांच्याच तालुक्यांत व्हावी. तीत बायकांची साक्ष वेगळी घेतली जावी.

ज्यांना मुंबईस जाणे परवडत नाही, त्यांच्याकडे मुंबईने यावे. कोयत्याचा वकील होण्याचे काम शासनाचेच आहे.