एकाच कुंडीची जागा असेल तर

बाल्कनीत आंबा लावायचाय, कुठला लावू, असं दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मला विचारतं. जागा ऐसपैस असेल तर मी आम्रपाली सांगते. दिल्लीच्या पुसा संस्थेनं दशहरी आणि नीलमच्या संकरातून काढलेली ही जात बुटकी आहे, दरवर्षी फळते आणि मोठ्या ड्रममध्ये नांदते. पण फ्लॅटच्या बाल्कनीत बहुतेकांकडे एकाच मोठ्या कुंडीची जागा असते. त्यांना मी अंजीर लावायला सांगते, अगदी आग्रहानं.

कारण साधं आहे. आंबा अढीत पिकतो, चिकू डब्यात पिकतो. अंजीर झाडावरून उतरवलं की त्याचं पिकणं थांबतं. आणि झाडावर पूर्ण पिकलेलं अंजीर इतकं नाजूक असतं की ते पाटीत रचून गावोगाव नेता येत नाही. पुण्याजवळच्या पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दिवे, सोनोरीकडचे शेतकरी ते पोटच्या पोरासारखं जपतात. तरीही लांबच्या बाजारासाठी त्यांना फळ थोडं आधीच काढावं लागतं. म्हणजे खरं पिकलेलं अंजीर एकतर बागेत जाऊन खायचं, नाहीतर घरी पिकवायचं.

ते पिकताना जरूर बघा. कालपर्यंत ताठ असलेला देठ सैल पडतो आणि फळ मान टाकतं. हिरवी साल जांभळट होते, तिच्यावर बारीक उभ्या चिरा उमटतात, आणि खालच्या डोळ्याशी कधीकधी मधासारखा एक थेंब येतो. तेव्हाच तोडायचं. एक दिवस आधीही नाही, आणि उशीर केलात तर बुलबुल आहेतच! फळांना मलमलच्या पिशव्या बांधल्या की तो प्रश्न सुटतो.

आपल्याकडच्या पूना अंजिराला परागीकरण लागत नाही, त्यामुळे दहाव्या मजल्यावर मधमाशी आली नाही तरी फळ धरतं. ऊन मात्र रोज पाच-सहा तास हवंच. दक्षिणेची बाल्कनी सगळ्यात चांगली. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो आणि वरच्या स्लॅबची सावली पडते. पण दिवाळीनंतर तो दक्षिणेला कलतो आणि ऊन थेट आतपर्यंत येतं. अंजिराचा मीठा बहार नेमका याच उन्हावर पोसतो आणि उन्हाळ्यात हाती येतो. पावसाळी खट्टा बहाराला ती गोडी नसते. म्हणून पाऊस ओसरला की छाटणी करावी. फळ नव्या फुटीवर येतं, आणि झाडही आटोपशीर राहतं. छाटताना हातमोजे घाला, पांढरा चीक कातडीला खाजतो.

कुंडी अठरा इंची पुरते. निव्वळ मातीनं भरली तर पाणी घातल्यावर ती सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात जाते, म्हणून मातीत कोकोपीट आणि शेणखत सढळ हातानं मिसळावं आणि कुंडी कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीलगत ठेवावी. खाली ताटली हवी. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गळलं की सगळी सोसायटी झाडांच्या विरोधात जाते. एसीच्या गरम झोतासमोर कुंडी नको.

दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढून मुळांचा बाहेरचा वेटोळा कापायचा आणि नवी माती भरायची. हे काम जिवावर येतं, पण टाळू नका. मुळं दाटली की फळं बारीक राहतात. पावसाळ्यात पानांच्या मागं तांबूस पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा. ती पानं लगेच तोडून घराबाहेर टाका आणि झाडाला वारा लागू द्या.

रोपवाटिकेत गुटी कलमच मागा, आणि ते पूना अंजिराचं आहे ना, हे विचारून घ्या. पहिल्या वर्षी धरलेली फळं लहान असतानाच काढून टाका, झाडाला अंग धरू द्या. पुढच्या उन्हाळ्यात पिकलेलं पहिलं फळ फ्रीजमध्ये ठेवू नका. तिथंच उभं राहून खा.