पुनर्विवाह आणि कुटुंबनिवृत्तिवेतन

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली खरी. परंतु त्याच हाताने मृत पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढूनही घेतला. तो कायदा १९८३ साली रद्द झाला. त्यातील वृत्ती मात्र कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या नियमांत अद्याप ठाण मांडून बसली आहे. १९७२ च्या केंद्रीय नियमांनी, जे गोव्यातील सरकारी नोकरांनाही लावले गेले, विधवेचे वेतन मृत्यू वा पुनर्विवाह यांपैकी जे आधी घडेल तोवरच चालू ठेवले. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतही हीच अट आहे.

२००६ पासून एक सवलत आली. अपत्यहीन विधवेने पुनर्विवाह केला आणि तिचे स्वतःचे उत्पन्न किमान कुटुंबनिवृत्तिवेतनाहून कमी असले, तर तिचे वेतन चालू राहते. सवलत चांगलीच, पण ती माउलीला का नाही? पुनर्विवाह करणाऱ्या आईचे वेतन मुलांकडे जाते, तेही मूल पंचविशी गाठीपर्यंत, किंवा त्याआधी कमावू लागेपर्यंत वा लग्न करीपर्यंत. पुढे दुसरा पती काही मागे न ठेवता वारला तर पहिल्याचे वेतन पुन्हा सुरू होत नाही. जिने पोरे वाढविली तीच रिकाम्या हाती!

नव्या पतीने तिला पोसावे, असे यावर सांगण्यात येते. तो सरकारी नोकर असेल असे गृहीत धरणारे धन्य होत. शिवाय निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळविलेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात १९८२ सालीच बजावले आहे. अमेरिकेत साठीनंतर पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या खात्यावरील लाभ थांबत नाही. आपल्याकडे वयाचा असा विचारच नाही.

या अटीची झळ गोव्यात अधिक बसेल, अशी आम्हास भीती वाटते. वेतन जाईल म्हणून एखाद्या जोडप्याने देवापुढे हार घालून संसार मांडला आणि नोंदणी टाळली, तर येथील नागरी संहितेच्या दृष्टीने तो विवाहच नव्हे. वेगळा करार नसल्यास पत्नीला मिळकतीत जो निम्मा वाटा ही संहिता देते, त्यालाही ती बाई मुकते.

उत्पन्नाची जी कसोटी अपत्यहीन विधवेला आहे, तीच मुलांच्या आईलाही लावावी आणि साठीपुढील पुनर्विवाहाला कोणतीच कसोटी लावू नये, अशी आमची मागणी आहे. त्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. नियमांतील दुरुस्ती पुरे.