जळणारी भूमी

बोर्निओ आणि सुमात्रा ही विषुववृत्तावरील बेटे. तेथे वर्षभर पाऊस, आणि सूर्यकिरण भुईला टेकू न देणारी निबिड अरण्ये. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस व ‘हुतान’ म्हणजे वन. या अरण्यातील तांबूस केसांच्या वानराला लोकांनी ‘वनमानव’ म्हणावे, यात केवढी आपुलकी आहे! त्या वनमानवाचे घर माणूसच जाळीत आला आहे, आणि तेही पुष्कळदा तेलमाडाच्या लागवडीसाठी.

तेलमाड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ साली डचांनी त्याची अवघी चार रोपे जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पती-उद्यानात लावली. आज जगातील पामतेलापैकी चार-पंचमांशाहून अधिक तेल इंडोनेशिया व मलेशिया हे दोनच देश काढतात. झाडे तोडून भूमी साफ करावयाची तर पैसा लागतो. काडी ओढण्यास लागत नाही. आगीचा सारा मोह यातच आहे.

परंतु तेथील सखल प्रदेशातील जमीन सामान्य जमीन नव्हे. पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचे व लाकडाचे थर हजारो वर्षे तेथे साचत आले आहेत. कोठे कोठे त्यांची खोली दहा मीटरांहूनही अधिक भरते. चर खणून पाणी काढून दिले, की हे थर वाळतात आणि मग भूमीच सरपण होते. वर विझलेली आग खाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. ती खरी विझते पावसाच्या पाण्याने. २०१५ साली जून ते ऑक्टोबर या काळात इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर भूमी होरपळली. धूर समुद्र ओलांडून गेला. सिंगापूर व मलेशियातील शाळाही बंद ठेवाव्या लागल्या.

यात तेलमाडाला दोष देणे मात्र न्याय्य नव्हे. तितक्याच जमिनीत सोयाबीनच्या कितीतरी पट तेल तो देतो, आणि लाखो लहान शेतकऱ्यांची चूल त्याच्यावर पेटते. जगाने उद्या पामतेल टाकून दुसरे पत्करले, तर अधिक जमीन लागेल आणि कुऱ्हाड आणखी एखाद्या अरण्यावर पडेल. दोष आहे तो लागवडीसाठी उभे वन निवडण्याचा. इंडोनेशियाने २०११ साली अस्पर्श वनांत नवे परवाने देणे स्थगित केले व २०१९ साली ती स्थगिती कायम केली. पूर्वी दिलेल्या परवान्यांना मात्र तिने हात लावला नाही!

भारत हा पामतेलाचा सर्वांत मोठा आयातदार आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्रात शिधापत्रिकेवर मिळालेल्या शिध्यातही एक लिटर पामतेल होते. गरिबाच्या कढईला त्याबद्दल बोल लावता येणार नाही. जे जहाजे भरभरून तेल आणतात, त्यांनी ते कोणत्या जमिनीतून आले हे विचारलेच पाहिजे, आणि जो उत्तर देत नाही त्याचे तेल घेता कामा नये.