निन्नी राणी झाली, लाखीचे काय?

ऐतिहासिक कादंबरीविषयी आपल्या चळवळीतील मंडळींच्या मनात एक अढी असते. राजेरजवाडे, किल्ले, प्रणय आणि लढाया यांच्या त्या दुनियेत श्रमिकाचे काय आहे, असा प्रश्न करून ही पुस्तके बाजूला सारली जातात. आपल्याच घरांतून मात्र ती आवडीने वाचली जात असतात. जे पुस्तक हजारो माणसे मनापासून वाचतात, त्याच्याविषयी मौन पाळण्याने त्याचा प्रभाव कमी होत नाही. तो केवळ अचिकित्सित राहतो. म्हणून अशा एका कादंबरीविषयी आणि तिच्या वाचकांच्या मतांविषयी चार शब्द लिहीत आहे.

ही कादंबरी म्हणजे वृंदावनलाल वर्मा (१८८९–१९६९) यांची १९५० साली प्रसिद्ध झालेली ‘मृगनयनी’. ती मूळ हिंदी. परंतु हिंदी वाचणाऱ्या मराठी वाचकांनाही ती अपरिचित नाही. काळ पंधराव्या शतकाच्या अखेरचा, स्थळ ग्वाल्हेर आणि त्याच्या आसपासचा मुलूख. ग्वाल्हेरच्या गादीवर मानसिंह तोमर (१४८६–१५१६) आहे. दिल्लीच्या लोदींच्या स्वाऱ्यांनी परिसरातील खेडी पुनःपुन्हा उद्ध्वस्त होत आहेत. अशाच राई नावाच्या खेड्यात निन्नी ही गुजर मुलगी आपला भाऊ अटल याच्याबरोबर राहते. तिची मैत्रीण लाखी ही अहिराची मुलगी. दोघी शेत राखतात, जंगलात शिकार करतात, तीरकमठ्यात तरबेज आहेत. शिकारीसाठी आलेला मानसिंह निन्नीचे शौर्य पाहून मोहित होतो आणि तिच्याशी विवाह करतो. निन्नीची मृगनयनी राणी होते. इकडे अटल आणि लाखी यांचे एकमेकांवर प्रेम आहे. पण त्यांच्या लग्नाला गाव तयार नाही.

या कादंबरीसंबंधी वाचकांशी बोलू लागले की काही ठरावीक मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हे सारे अद्भुत आहे. मध्ययुगातली खेडवळ पोर रानरेड्याला लोळवते, हे कोणाला खरे वाटावे? दुसरे मत बहुधा स्त्रीवाचकांचे असते. रडणाऱ्या, वाट पाहणाऱ्या नायिकांनी भरलेल्या वाङ्मयात हाती शस्त्र घेणारी नायिका भेटली, याचाच त्यांना आनंद होतो. तिसरे मत आपल्या कार्यकर्त्यांचे. त्यांना ही कादंबरी सामंतशाहीचे उदात्तीकरण करणारी आणि मुसलमान सुलतानांना काळ्या रंगात रंगवणारी वाटते. तिन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. तरीही तिन्ही मते कादंबरीच्या गाभ्याला चुकवून पुढे जातात, असे मला वाटते.

पहिल्या मताचा विचार करू. चांदबिबीने १५९५–९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवला, राणी दुर्गावती १५६४ साली गोंडवनात लढता लढता पडली, यावर कोणी शंका घेत नाही. राणीच्या हातची तलवार आपल्याला सहज पटते. शेतकऱ्याच्या मुलीच्या हातचा तीर मात्र अद्भुत वाटतो! वस्तुतः गोष्ट उलट आहे. उभ्या पिकात रानडुकरे घुसतात तेव्हा ती हाकलण्यासाठी जो माळ्यावर बसतो, त्याला नेम धरावाच लागतो. घरात धान्य नसले की शिकार हा छंद राहत नाही, ती पोटाची सोय होते. निन्नी आणि लाखी यांचा तीर हे प्रथम श्रमाचे अवजार आहे आणि नंतर युद्धाचे शस्त्र. वर्मा स्वतः बुंदेलखंडाच्या जंगलांत हिंडलेले शिकारी होते. त्यांच्या शिकारीच्या आठवणींचे ‘दबे पाँव’ हे पुस्तकच आहे. त्यामुळे कादंबरीच्या पूर्वार्धातील रान, पीक, भूक आणि भीती यांचे चित्र भरीव उतरले आहे. पराक्रम हा वंशातून येत नाही, तो कामातून येतो, हे या पूर्वार्धात वाचकाला न सांगता समजते.

दुसऱ्या मताची टिंगल करणे फार सोपे आहे आणि पुरुष समीक्षकांनी ती आजवर मनसोक्त केली आहे. अमेरिकेत जॅनिस रॅडवे यांनी एका गावातील प्रणयकादंबऱ्यांच्या वाचक स्त्रियांशी बोलून त्यावर १९८४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या स्त्रियांच्या सांगण्यातील एक मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुस्तक वाचण्याचा वेळ हा दिवसभरात त्यांचा स्वतःचा असा वेळ होता. त्या वेळेपुरते नवरा, मुले आणि घरकाम यांच्या मागण्यांपासून त्या दूर राहू शकत होत्या. आपल्याकडील गृहिणीला दुपारी मिळणारा अर्धा तास याहून वेगळा नाही. त्या अर्ध्या तासात तिला शूर नायिका हवीशी वाटते, यात हसण्यासारखे काही नाही. उरलेल्या दिवसात तिला काय मिळत नाही, याची ती नोंद आहे.

परंतु स्त्रीच्या हाती शस्त्र आले म्हणजे ती स्वतंत्र झाली, हे समीकरण मात्र तपासून घेतले पाहिजे. याच कादंबरीत येणाऱ्या माळव्याच्या गियासुद्दीनचेच उदाहरण घ्या. त्याच्या मांडूच्या जनानखान्याच्या पहाऱ्यावर शेकडो सशस्त्र स्त्रिया असत, असे फिरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्यांच्या हाती धनुष्ये होती, बंदुका होत्या. पण त्या ज्या दाराशी उभ्या होत्या ते दार त्यांच्यासाठी उघडे नव्हते. शस्त्र कोणासाठी चालवायचे, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो स्वतंत्र. नुसते शस्त्र बाळगणारा नोकर असू शकतो, कैदीही असू शकतो.

आणि निन्नीचे तरी काय झाले? मानसिंहाच्या अंतःपुरात अगोदरच आठ राण्या आहेत, ही नववी. सवतीमत्सर आहे, कारस्थाने आहेत. मृगनयनी तेथे खचत नाही. ती संगीत शिकते, कलेत रमणाऱ्या राजाला कर्तव्याची आठवण देते, शेवटी थोरल्या राणीच्या मुलाकरिता आपल्या मुलांचा गादीवरील हक्क सोडते. हे सारे थोर आहे. पण जिने रानात स्वतःच्या जिवावर शिकार केली, तिला आता जे काही घडवायचे ते राजाच्या मनावाटे घडवावे लागते. ग्वाल्हेरकडे दंतकथा आहे की, राईच्या नदीचे पाणी वाड्यापर्यंत आणावे, अशी अट तिने लग्नापूर्वी घातली आणि राजाने ती पुरी केली. तिच्यासाठी बांधलेला गूजरी महाल किल्ल्याच्या पायथ्याशी आजही उभा आहे; त्यात पुरातत्त्व संग्रहालय आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्या दंतकथेत दुसराच प्रश्न दिसतो. पाणी आणण्यासाठी चर कोणी खणले, दगड कोणी वाहिले आणि ज्या राईची शेते जळाली होती तिच्या वाट्याला त्यातले किती आले? राणीची तहान लोकस्मृतीने जपली. खणणाऱ्यांची नावे जपण्याची कोणाला गरज वाटली नाही.

तिसऱ्या मताबद्दल थोडक्यात सांगतो. सुलतानांची चित्रे भडक आहेत, हे खरेच. गियासुद्दीन कामुक, गुजरातचा महमूद बेगडा अघोरी खादाड, अशी ती रंगवली आहेत आणि मानसिंह मात्र जवळजवळ निर्दोष आहे. चिकित्सक वाचकाने हे तोलून घ्यावे. पण तेवढ्यावरून हिंदू विरुद्ध मुसलमान असा या इतिहासाचा अर्थ काढणाऱ्यांना इतिहासच उत्तर देतो. मानसिंहाचा मुलगा विक्रमादित्य १५२६ साली पानिपतावर बाबराविरुद्ध इब्राहिम लोदीच्या बाजूने लढताना मारला गेला. ज्या लोदींनी त्याच्या बापाच्या मुलखावर स्वाऱ्या केल्या, त्यांच्याच बाजूने! मानसिंहाच्या नावावर असलेल्या ‘मानकुतूहल’ या संगीतग्रंथाचे फारसी रूपांतर औरंगजेबाच्या पदरी असलेल्या फकीरुल्लाने केले. सत्तेचे हितसंबंध आणि कलेचे प्रवाह धर्माच्या रेषा पाळत नसतात.

आता गाभ्याच्या प्रश्नाकडे येतो. ही कादंबरी वाचलेल्या माणसाला मृगनयनी आठवते. लाखी आठवायला त्याला थोडा वेळ लागतो. नावच मृगनयनीचे आहे, हे कारण पुरेसे नाही. जी वर चढली ती आपल्या ध्यानात राहते, हे खरे कारण आहे.

कादंबरीतील सर्वांत धारदार भाग असा : गुजराच्या मुलीचे राजाशी लग्न लावताना गावच्या बोधन शास्त्र्याला शास्त्राची अडचण येत नाही. राजाच तो, त्याच्या पुढे शास्त्र लवते. पण त्याच मुलीच्या भावाचे लग्न अहिराच्या मुलीशी लावायला तोच शास्त्री नकार देतो. येथे ब्राह्मण आणि अस्पृश्य असे अंतर नाही, हे पाहा. गुजर काय, अहीर काय, दोघेही गुरे राखणारे, शेती करणारे, एकाच बांधावरचे, एकाच दुष्काळात उपाशी राहणारे. तरीही लग्न नाही! जातीचा प्राण हा जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या नियमात आहे, असे बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात मांडले होते. लाखी आणि अटल यांची कथा म्हणजे त्या सिद्धान्ताचे मूर्तिमंत उदाहरण होय.

या बोधनाच्या बाबतीत वर्मांनी कोणतीही सवलत घेतली नाही, हे त्यांचे मोठेपण. बोधन इतिहासातही आहे. आपला धर्म आणि इस्लाम हे दोन्ही खरे आहेत, असे म्हटल्याबद्दल सिकंदर लोदीने त्याला देहान्त शिक्षा दिली. परधर्माच्या सत्यासाठी प्राण देणारा माणूस आपल्याच गावातील दोन तरुणांच्या प्रेमापुढे दगडासारखा उभा राहतो. सर्वधर्मसमभावाच्या सभांतून उत्तम बोलणारे आणि घरी मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली की जात विचारणारे सज्जन आपल्या परिचयाचे नाहीत काय?

गावाने टाकलेली लाखी अटलबरोबर नटांच्या टोळीत जाते. ते नट गियासुद्दीनला विकले गेलेले असतात. नरवरच्या वेढ्यात तिला दोरावरून किल्ल्याबाहेर पळवण्याचा त्यांचा डाव लाखीच्या ध्यानात येतो आणि ती तो दोर कापून टाकते. ती स्वतः वाचते, किल्लाही वाचतो. नंतर राजाच्या आश्रयामुळे त्यांच्या संसाराला मान्यता मिळते. समाजाला उपरती झाली म्हणून नव्हे. अखेरीस राईच्या गढीवर रात्रीच्या हल्ल्यात शत्रूशी लढताना लाखी मरते. ज्या गावाने तिला सून म्हणून स्वीकारले नाही, त्याच गावाची गढी राखताना तिने प्राण दिला. समाजाला तिचे शौर्य चालले, तिचे रक्त चालले. तिचे लग्न चालले नाही.

स्त्रीच्या तलवारीचे कौतुक करायला समाजाला काहीच खर्च येत नाही, हे ‘मृगनयनी’ वाचताना समजते. पुतळे उभारावेत, चौकांना नावे द्यावीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींना फेटे बांधावेत. खर्च येतो तो मुलीने आपला जोडीदार स्वतः निवडला म्हणजे. कारण जात, जमीन आणि वारसा यांची गाठ लग्नातच मारलेली असते. डॉ. लोहियांनी जात आणि स्त्रीत्व या दोन कोंडवाड्यांचा एकत्रित विचार करावयास सांगितले, त्याचे मर्म हेच आहे.

हा प्रश्न पंधराव्या शतकात सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. विशेष विवाह कायदा १९५४ साली झाला. आंतरजातीय विवाह राष्ट्रहिताचे आहेत आणि अशा जोडप्यांना पोलिसांनी संरक्षण दिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. २०१८ मध्ये जातपंचायतींचा अशा लग्नांतील हस्तक्षेप बेकायदा ठरवला. आणि या दोन निकालांच्या मधल्या काळात, २०१३ साली, नगर जिल्ह्यातील सोनई येथे प्रेमसंबंधाच्या कारणावरून तीन दलित तरुणांची निर्घृण हत्या झाली. तो मुलूख चांदबिबीच्या पराक्रमाचे गोडवे गाणारा आहे, हे विसरता येत नाही.

म्हणून माझे कार्यकर्त्यांना सांगणे आहे की, अशा कादंबऱ्यांना नाके मुरडू नका. आपल्या अभ्यासमंडळांत त्या वाचा, वाचनालयांत त्यांवर चर्चा ठेवा आणि त्या चर्चेला स्त्रिया बोलतील अशी वेळ निवडा. सायंकाळी स्वयंपाकाच्या वेळी सभा घेऊन स्त्रिया येत नाहीत अशी तक्रार करू नका. चर्चेत कोणी म्हणेल, केवढी शूर होती! त्याला विचारा, लाखी तुमच्या घरी सून म्हणून आली असती तर? उत्तर द्यायला जो वेळ लागेल, तेवढे अंतर आपल्याला अजून चालायचे आहे.