गळणारा घाम फुकट जातो

पीटी ग्राउंडच्या भिंतीवर रंगवलेलं ते वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने वाचलेलं आहे. शांततेत जितका घाम गाळाल, तितकं युद्धात रक्त कमी सांडेल. रंगरूट असताना मी ते रोज वाचायचो, पुढे उस्ताद झाल्यावर रोज ओरडून सांगायचो. आज माझं त्या वाक्याशी भांडण आहे. वाक्य खोटं नाही. पण आपण त्याचा जो अर्थ लावून बसलो आहोत, त्या अर्थाने पोरं मरतात.

सध्या पोस्टिंग आसामात आहे, बराक खोऱ्यात, सिलचरच्या बाजूला. ड्यूटीची पीटी वेगळी आणि माझं धावणं वेगळं. गेली नऊ वर्षं मी हौसेने लांब पल्ल्याचं धावतोय. जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर धावायची, तर तयारी जुलै-ऑगस्टमध्येच सुरू करावी लागते. म्हणजे ऐन पावसात, आणि इथला पाऊस म्हणजे आपल्या महाबळेश्वरचा गारठा नव्हे. इथे पाऊस कोमट असतो.

गावाकडचे मित्र फोनवर सांगतात, "पहाटे उठून पळ की, ऊन व्हायच्या आत." त्यांना कोण सांगणार की जूनमध्ये इथे साडेचारच्या सुमाराला सूर्य वर येतो! घड्याळ सगळ्या देशाला एकच, पण मुंबईत सूर्य उगवतो तेव्हा इथे दीड तास उजेड होऊन गेलेला असतो. आणि अंधारात निघालो तरी सुटका नाही. तापमान दिवसभरातलं सर्वांत कमी असतं हे खरं, पण हवेतली ओल त्याच वेळी सर्वांत जास्त. चहाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या दोन किलोमीटरांतच बनियन पिळून काढावा इतका भिजतो. बुटात पाणी पचपचतं. आणि हे पावसाचं पाणी नसतं, घाम असतो.

याआधी राजस्थानात होतो. तिथली उष्णता भट्टीसारखी, पण घाम दिसायचाच नाही. परत आल्यावर शर्टावर मिठाची पांढरी नक्षी तेवढी उरायची. तिथे घाम वाळत होता, इथे तो गळतो. सगळा फरक एवढाच आहे, आणि आपल्या भिंतीवरच्या वाक्यात नेमका तोच नाही.

घाम शरीराला थंड करतो तो वाळताना. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर अंगातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. ६५ किलोचा माणूस १० किलोमीटर धावला की साधारण ६५० कॅलरी खर्च करतो, आणि त्यातला तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग निव्वळ उष्णता म्हणून अंगात साठायला लागतो. राजस्थानच्या कोरड्या हवेत एक लिटरभर घाम हा हिशेब मिटवतो. इथे हवा आधीच पाण्याने भरलेली. घाम कपाळावरून, कोपरावरून, हनुवटीवरून टपटप खाली पडतो. जो थेंब जमिनीवर पडला, त्याने शरीरातलं पाणी नेलं, मीठ नेलं आणि उष्णता तिथेच ठेवली. गळणारा घाम फुकट जातो. त्याला शौर्याची पावती समजणारा उस्ताद अडाणी आहे. हे मी हक्काने म्हणतो, कारण तो उस्ताद मी होतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पोस्टिंग ईशान्येतच होतं, मी हवालदार होतो आणि क्रॉस कंट्रीच्या टीमची तयारी माझ्याकडे होती. एक पोरगा महिनाभराची सुट्टी संपवून आदल्या दिवशी आला होता. आपल्याकडचाच, दुष्काळी भागातला. टीममधला सर्वांत वेगवान गडी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला इतरांबरोबर १० किलोमीटरला उभा केला. आभाळ भरलेलं, भुरभुर पाऊस. मला वाटलं, झकास हवा आहे.

सातव्या किलोमीटरला तो मागे पडला. म्हणाला, "उस्ताद, गरगरतंय."

मी म्हणालो, "महिनाभर घरी मटण झोडलंस, आता गरगरणारच. चल, नाटकं करू नकोस."

पुढे अर्धा किलोमीटर तो धावला. मग रस्त्यातच उभा राहिला आणि मला विचारलं, "उस्ताद, एसटी गेली का हो?"

आम्ही हसलो. मीही हसलो. दहा-बारा पावलांनंतर तो कोसळला. अंग चिंब ओलं, पण हात लावला तर तव्यासारखं गरम. आमच्या नर्सिंग असिस्टंटने डोकं चालवलं म्हणून पोरगा वाचला. मी गाडी, गाडी म्हणून ओरडत होतो आणि तो म्हणाला, "आधी पाणी." त्याने पोराचे बूट-कपडे उतरवले, शेजारच्या वस्तीतून बादल्या आणवल्या, एक जण पाणी ओततोय आणि दोघं टॉवेलने वारा घालतायत असं गाडी येईपर्यंत चालवलं, गाडीतही थांबू दिलं नाही. तरी मूत्रपिंडावर परिणाम झाला. पोरगा कित्येक आठवडे हॉस्पिटलात होता. परत आला तो पुन्हा कधी टीममध्ये नव्हता.

त्याची चूक काहीच नव्हती. तीन चुका माझ्या होत्या.

पहिली चूक आपल्या भाषेतच बसलेली आहे. आपण म्हणतो, "ऊन लागलं." म्हणजे उन्हावर आळ घातला की ऊन नसताना आपण निर्धास्त. पण धावणाऱ्या माणसाची भट्टी आत असते, मांड्यांमध्ये आणि पोटऱ्यांमध्ये. वरचं ऊन त्यात फक्त भर घालतं. ढगाळ हवेत, पावसात, सकाळी सहा वाजता उष्माघात होतो. आणि "घाम यायचा थांबला की उष्माघात" हे शाळेत शिकलेलं धावणाऱ्याला लागू पडत नाही. तो घामाने भिजलेला असतानाच कोसळतो. खूण घामात शोधायची नाही, बोलण्यात शोधायची. माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडला, अडखळला, तर तो नाटक करत नाही. त्याचा मेंदू तापलेला आहे. एसटीचा प्रश्न हा विनोद नव्हता, तो शेवटचा इशारा होता.

दुसरी चूक सुट्टीची. शरीर अशा हवेला सरावतं, पण त्याला १० ते १४ दिवस लागतात. रोज थोडं थोडं वाढवत नेलं की घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, हृदयाचे ठोके खाली येतात. आणि काही आठवडे दूर राहिलं की ही कमाई ओसरते. सुट्टीवरून आलेला जवान, कोरड्या मुलखातून बदलून आलेला जवान आणि तापातून नुकता उठलेला जवान, हे तिघे धावण्याच्या बाबतीत रंगरूटच. हुद्दा आणि जुने मेडल इथे चालत नाहीत.

तिसरी चूक घड्याळाची. ही चूक आज उस्तादांपेक्षा आमच्यासारख्या हौशी लोकांमध्ये जास्त आहे. मनगटावर महागडं घड्याळ, प्रत्येक किलोमीटरचा वेग ग्रुपवर टाकायचा आणि खाली अंगठ्यांची रांग. जानेवारीत माझा निवांत वेग किलोमीटरला सहा मिनिटं असतो. जुलैत त्याच श्रमात पावणेसात लागतात. मी म्हातारा झालो म्हणून नव्हे. तेच रक्त स्नायूंनाही पुरवायचं आणि उष्णता बाहेर टाकायला कातडीकडेही न्यायचं, म्हणून हृदय दुप्पट कामाला लागतं. जो माणूस जुलैत जानेवारीचा वेग पकडायला जातो, तो तयारी करत नाही, स्वतःच्या अहंकाराची सेवा करतो. साधी कसोटी ठेवा. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर चाला. चालल्याने कुणाची इज्जत जात नाही.

पाण्याच्या बाबतीत तर आपण एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलो. जुने उस्ताद पाणी पिऊ द्यायचे नाहीत, "पोटात कळ येईल" म्हणून. आता बाटली तोंडाला लावूनच पोरं पळतात. दोन्ही घातक. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी निघालं. धावताना ज्यांचं वजन वाढलं होतं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायले होते, त्यांच्यात हा प्रकार जास्त होता. तेव्हा तहान लागेल तसं प्या. लांब पल्ल्याच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर गेलं, आणि वाढलं असेल तर चुकलंच. मिठासाठी रंगीत बाटल्या नकोत, ओआरएसची पुडी पुरते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या याच पाण्याने पटकीचे रुग्ण वाचवले. त्या युद्धाच्या गोष्टी सांगताना आपण रणगाडे मोजतो, ही पुडी विसरतो.

आता मला ठाऊक आहे, काही जुनी मंडळी काय म्हणणार. "शत्रू काय थर्मामीटर बघून येणार आहे का? आम्ही असेच घडलो." यावर दोन उत्तरं आहेत.

पहिलं असं की थर्मामीटर बघायला सुरुवात केली तीच मुळी फौजेने. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीनच्या पॅरिस आयलंड तळावर रंगरूट कोसळू लागले, तेव्हा उष्णता मोजायची नवी रीत निघाली. त्यात साध्या थर्मामीटरला दहापैकी एक गुण, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला दोन, आणि ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरला तब्बल सात. म्हणजे हवेतल्या ओलीला ऊन आणि तापमान मिळून जेवढे, त्याच्या दुपटीहून जास्त वजन. हा आकडा ३२.२ अंशांच्या वर गेला की मैदानावर काळा झेंडा चढतो आणि कष्टाची पीटी बंद. मरीनना नाजूक म्हणण्याची कुणाची तयारी आहे का?

दुसरं उत्तर याच मुलखातलं आहे. इथून पूर्वेला मणिपूरचे डोंगर सुरू होतात. १९४४ च्या मार्चमध्ये त्या बाजूला सांगशाकला आपली मराठा पलटण जपान्यांशी लढली. त्या आघाडीचे सेनापती विल्यम स्लिम यांनी आधीच्या वर्षीचा हिशेब मांडून ठेवला आहे. एका जखमीमागे १२० आजारी मागे पाठवावे लागत होते. स्लिम यांनी आजाराला नशीब मानलं नाही. मलेरियाची गोळी जवान घेतात की नाही, याच्या अचानक तपासण्या लावल्या आणि ढिलाई सापडली तिथे थेट कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवलं. मग त्याच सैन्याने भर पावसाळ्यात लढाई पुढे नेली. जवानाचं शरीर शाबूत ठेवणं ही दयामाया नाही, ती कमांडची जबाबदारी आहे. शत्रू थर्मामीटर बघत नाही, म्हणूनच आपण बघायचा. लढाईच्या दिवशी दहापैकी दहा जण उभे असले पाहिजेत.

हे सगळं मी आज का लिहितोय? कारण निवृत्तीनंतर आपल्यातले किती तरी जण गावोगावी भरतीच्या अकादम्या चालवतात. सातारा, सांगली, कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी तुमच्याच शिट्टीवर पळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांची भरती झाली. पुरुषांना ६० मिनिटांत १० किलोमीटर धावायचं होतं. दहापेक्षा जास्त उमेदवार दगावले, भरती मध्येच थांबवावी लागली. कारणांवरून राजकारण झालं, कुणी हवेला दोष दिला, कुणी पोरांनी घेतलेल्या औषधांना. पण दमट ऑगस्टमध्ये बेरोजगार पोरगा नोकरीसाठी धावत असतो, तेव्हा तो स्वतःहून थांबत नाही हे आपल्याला माहीत आहे. घरी आईने दागिना मोडून फी भरलेली असते. त्याला थांबवणारा दुसरा कुणी तरी लागतो. तो तुम्ही आहात.

म्हणून माजी सैनिक बंधूंनो, एवढंच मागणं. नवीन पोराला पहिले दोन आठवडे वेगाने पळवू नका. घड्याळ लावून पळवायचं ते कोरड्या, गार दिवशी. मैदानाच्या कडेला पाण्याने भरलेलं एक पिंप, दोन बादल्या आणि जमलं तर बर्फ ठेवा. पोरगा कोसळला आणि असंबद्ध बोलतोय, तर आधी जागेवर थंड करा, मग हॉस्पिटलात हलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. वीज कडाडली की मैदान रिकामं करा. पाय रोज पुसून कोरडे करायला लावा, चिखल्यांनी जेवढे धावपटू बसवले तेवढे उस्तादांच्या शिव्यांनीही बसवले नसतील.

आणि कुणी म्हणालं, "सर, गरगरतंय," तर त्याला नाटकी म्हणू नका. "थांब" म्हणणं हाही हुकूमच आहे. मला तो द्यायला उशीर झाला होता.

उद्या माझी २४ किलोमीटरची लांब दौड आहे. रात्रीपासून पाऊस लागलाय. पावणेसातच्या वेगाने जाईन, त्याहून हळूही.

जय हिंद.